अर्जात अनोळखी रकाना आला तर?

बँकेची वेबसाइट उघडली की पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ ही अक्षरे असतात. आपला ब्राउझर आणि बँकेचा सर्व्हर ‘टीएलएस’ नावाच्या नियमावलीप्रमाणे सुरक्षितपणे बोलत आहेत, असा त्याचा अर्थ. या नियमावलीतला एक प्रश्न आम्हा बँकवाल्यांच्या ओळखीचा आहे, म्हणून तो सभासदांपुढे मांडत आहोत.

बोलणे सुरू करताना ब्राउझर सर्व्हरला जणू एक अर्ज पाठवतो. अर्जाला पुरवण्या जोडलेल्या असतात. त्यांना ‘एक्स्टेन्शन’ म्हणतात. एकाच सर्व्हरवर अनेक वेबसाइट असतील तर कोणती हवी, हे एका पुरवणीत लिहिलेले असते. विंडोज एक्सपीवरचा इंटरनेट एक्सप्लोरर ही पुरवणी पाठवत नसे. मग सर्व्हरकडून भलत्याच साइटचे प्रमाणपत्र यायचे आणि पडद्यावर धोक्याची सूचना झळकायची.

आता प्रश्न असा, की अनोळखी पुरवणी आली किंवा हवी ती आलीच नाही, तर सर्व्हरने किती कडक व्हावे?

१९८० साली जॉन पोस्टेल यांनी इंटरनेटसाठी एक तत्त्व मांडले : पाठवताना काटेकोर राहा, स्वीकारताना उदार. इंटरनेट वाढले त्यात या तत्त्वाचा वाटा आहे. पण सरसकट उदारपणा महागात पडतो. चुकीचा अर्ज मुकाट्याने घेतला, की पाठवणाऱ्याला चूक कळत नाही आणि पुढे तीच रूढी होते.

नको तिथल्या कडकपणाचाही फटका बसला. टीएलएसची १.३ ही आवृत्ती तयार होत असताना असे दिसले, की काही जुने सर्व्हर नवा आवृत्ती-क्रमांक पाहताच बोलणेच तोडतात. शेवटी जुन्या रकान्यात १.२ चाच क्रमांक ठेवून खरी आवृत्ती पुरवणीत लिहावी लागली.

ऑगस्ट २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १.३ च्या नियमांत म्हणून प्रत्येक बाबीला वेगळे माप लावले आहे. ब्राउझरकडून अनोळखी पुरवणी आली तर सर्व्हरने ती बाजूला ठेवून काम पुढे चालवायचे. आवश्यक पुरवणी नसेल, तर कारण सांगून बोलणे थांबवायचे. ब्राउझरने न मागितलेल्या पुरवणीचे उत्तर सर्व्हरने पाठवले, तर ब्राउझरने बोलणे तोडायचे. पहिल्या नियमामुळे उद्याच्या सुधारणेला जागा राहते, बाकीच्या दोहोंमुळे सुरक्षितता राहते.

तरी नियम नुसता लिहून भागत नाही. वापरात नसलेले कुलूप गंजते. म्हणून क्रोम ब्राउझर प्रत्येक अर्जात मुद्दाम काही निरर्थक क्रमांक घालतो. सर्व्हर त्यांवर अडखळला, तर दोष लगेच उघडा पडतो. या युक्तीचे नाव ‘ग्रीस’. जानेवारी २०२० मध्ये तिचा रीतसर दस्तऐवज निघाला.

घरातल्या ज्येष्ठांच्या जुन्या फोनवर एखादी साइट ‘सुरक्षित जोडणी होऊ शकत नाही’ म्हणत असेल, तर दर वेळी साइटच बंद आहे असे नसते. कित्येकदा फोनला लागणारी आवृत्ती किंवा पुरवणी देता येत नाही. अशा वेळी ‘तरीही पुढे जा’ दाबू नये. आधी ब्राउझर अद्ययावत करून पाहावा. तो नकार आपल्याच पैशांच्या राखणीसाठी असतो.