जुना बंब भंगारात देण्यापूर्वी

नाताळ जवळ आला की यवतमाळ जिल्ह्यातील घराघरांतून झाडलोट व रंगरंगोटी सुरू होते आणि माळ्यावरच्या जुन्या वस्तू अंगणात येतात. त्यांत पुष्कळदा काळवंडलेला, तोटी गमावलेला असा एक तांब्याचा बंब असतो. एका धर्मग्रामात घरभेटीस गेलो असता असाच एक बंब भंगारवाल्याच्या काट्यावर चढलेला आम्ही पाहिला. यजमानांनी सहज हात फिरवून धूळ पुसली, तेव्हा टिंबाटिंबांनी कोरलेले त्यांच्या आजीचे नाव व लग्नाचे साल दिसू लागले. व्यवहार तेथेच थांबला. सर्वच घरी असा योग येत नाही. म्हणून जुना बंब कसा ओळखावा, त्याचे मोल कसे ठरवावे आणि तो पुन्हा वापरात कसा आणावा, याविषयी चार गोष्टी येथे मांडीत आहोत.

बंबाची रचना

बंब म्हणजे तांब्याचे किंवा पितळेचे उभे पिंप. त्याच्या पोटातून एक नळकांडे आरपार गेलेले असते. नळकांड्याच्या तळाशी बिडाची जाळी असते. तिच्यावर विस्तव, खाली राख आणि वरून धूर. पाणी नळकांड्याभोवती असल्याने जाळ चहूबाजूंनी पाण्याला भिडतो आणि थोड्या इंधनात पाणी लवकर तापते. कापसाचा हंगाम सरला की शेतातून येणाऱ्या पऱ्हाट्यांच्या व तुराट्यांच्या मोळ्या आपल्याकडे बंबासाठी उपयोगी पडत. रशियातील तुला शहराचे प्रसिद्ध समोवार याच तत्त्वावर चालतात. थंड देशांत मात्र खोली उबदार ठेवण्यासाठी अखंड ओतीव लोखंडाच्या लाकडी जळणाच्या शेगड्या प्रचारात आल्या. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४० च्या दशकात अशीच एक शेगडी तयार केली होती. तेथील शेगड्यांवर कारखान्याचे नाव साच्यातूनच उठविलेले आढळते. आपल्या बंबावर बहुधा वापरणाऱ्याचे नाव असते.

पारख

प्रथम लोहचुंबक लावून पाहावा. तांबे व पितळ यांना तो चिकटत नाही. चिकटला तर पत्रा लोखंडाचा असून वर केवळ मुलामा आहे, असे समजावे. त्यानंतर बंब उन्हात तिरका धरून पाहावा. हाताने घडविलेल्या भांड्यावर हातोडीच्या ठोक्यांच्या बारीक ओळी दिसतात. तांबट त्याला मठारकाम म्हणतात. हे काम केवळ शोभेसाठी नसते, ठोक्यांनी पत्रा कठीण होतो. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी या कारागिरीसाठी ओळखली जाते आणि आपल्या विदर्भात भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी ख्यात आहे. जुन्या हातकामात दोन पत्र्यांच्या कडा दातेरी कापून एकमेकांत गुंतविलेल्या व पितळेने जोडलेल्या आढळतात. तांबड्या अंगावर ती पिवळी नागमोडी रेघ स्पष्ट दिसते. गुळगुळीत, सरळ जोड बहुधा अलीकडच्या काळातील असतो.

मोल

बंबाची किंमत तीन प्रकारे होते. पहिली मोडीची, म्हणजे वजन गुणिले त्या दिवसाचा भाव. काट्यावर चढविण्यापूर्वी बिडाची जाळी काढून ठेवावी आणि आतील क्षाराचे वजन धातूच्या वजनात धरू नये. तांबे व पितळ यांचे भाव वेगळे असतात, हेही ध्यानात असावे. दुसरी किंमत उपयोगाची: पाणी गळते का, जाळी व तोटी मूळची आहे का, यावर ती ठरते. तिसरी जुनेपणाची. मठारकाम, दातेरी सांधा, कोरलेले नाव व साल आणि सर्व मूळ भाग शाबूत असतील तर संग्राहक मोडीहून अधिक किंमत देतात. नाव घासून काढले तर हे मोल आपणच कमी करतो.

ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. १९७२ च्या केंद्रीय पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षे वा त्याहून जुनी कारागिरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाही. शंका असल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे प्रमाणपत्र आधी घ्यावे.

दुरुस्ती

जुना बंब हाती येताच पेटविण्याची घाई करू नये. आम्ही स्वतः ही चूक केली आहे. धर्मगुरू निवासातील बंब नीट चालतो की नाही हे पाहण्यासाठी आम्ही रिकाम्या बंबातच काड्या पेटविल्या आणि काही मिनिटांत तळाचा सांधा सुटला. कारण साधे आहे. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते. परंतु सांध्यांना दिलेला शिसे-कथिलाचा डाख सुमारे १८३ अंशांपासूनच वितळू लागतो. आत पाणी असेल तर सांध्याचे तापमान १०० अंशांच्या फार वर जात नाही. पाणी नसले तर त्याला कोण वाचविणार?

म्हणून प्रथम थंड पाणी भरून बंब रात्रभर कोरड्या फरशीवर ठेवावा. ओल दिसेल तेथे खूण करून तांबटाकडून डाख द्यावा. आतील क्षार घालविण्यासाठी कोमट पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून काही तास ठेवावे व नंतर बंब अनेकदा धुवावा. न्हाणीघर धुण्याचे तीव्र ॲसिड वापरू नये. ते धातूही खाते. हिरवा कळंक विषारी असल्याने तो काढताना नाकातोंडाला फडके बांधावे. बाहेरून चिंच व मीठ पुरेसे आहे. यंत्रावर घासून चकाकी आणली तर मठाराच्या खुणा पुसल्या जातात.

बीड म्हणजे दोन टक्क्यांहून अधिक कार्बन असलेले ओतीव लोखंड. ते आच सोसते, पण ठिसूळ असते. तापलेल्या जाळीवर थंड पाणी टाकल्यास ती तडकते. तारेच्या ब्रशने गंज काढून तेलाचा हात द्यावा आणि ओली राख तिच्यावर राहू देऊ नये. जाळी तुटलीच असेल तर तुकडे टाकू नयेत. त्यांच्या नमुन्यावरून ओतशाळेत दुसरी जाळी ओतून घेता येते.

सावधगिरी

बंद न्हाणीघरात बंब कधीही पेटवू नये. विस्तवातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईड वायूला रंग नाही, वास नाही. नुसते निखारे उरले तरी तो निघत राहतो आणि झोपेतच माणसाचा घात करतो. बंब अंगणात किंवा मोकळ्या पडवीतच असावा. पाणी ओतण्याचे तोंड व वाफेची वाट बंद करू नये, अन्यथा वाफेचा दाब वाढून बंब फुटू शकतो. जुन्या डाखात शिसे असते, म्हणून हे पाणी स्नानासाठीच ठेवावे. पिण्यास वा स्वयंपाकास घेऊ नये.

वाचकहो, प्रत्येक जुना बंब जतन करणे सर्वांनाच शक्य नाही, हे आम्ही जाणतो. ज्यास विकावयाचा आहे त्याने जरूर विकावा. मात्र त्यापूर्वी ओल्या फडक्याने तो एकदा पुसावा, काठाखाली बोट फिरवून पाहावे आणि घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे की हा कोणाच्या लग्नातला.