भाषणस्वातंत्र्य
भाषणस्वातंत्र्य : विचार व मते तोंडी, लेखी, मुद्रित अथवा दृश्य स्वरूपात प्रकट करण्याचा अधिकार. भारतीय संविधानाच्या १९ (१) (अ) या अनुच्छेदाने तो नागरिकांना दिला असला, तरी त्याची व्याप्ती मुख्यतः न्यायनिर्णयांनी ठरत आली आहे. या विकासात महाराष्ट्रातील खटल्यांचा वाटा मोठा आहे.

ब्रिटिश अमदानीत भारतीय दंडसंहितेचे १२४ अ हे राजद्रोहाचे कलम या स्वातंत्र्यावरील प्रमुख निर्बंध होते. १८९७ मध्ये केसरीतील लिखाणाबद्दल लोकमान्य टिळकांवर खटला झाला. त्यात न्या. स्ट्रॅची यांनी ‘अप्रीती’ म्हणजे सरकारविषयी प्रीतीचा अभाव, असा अर्थ ज्यूरीस सांगितला. त्यामुळे कृतीऐवजी मनोभावच दंडनीय ठरला. टिळकांना १८ महिन्यांची सक्तमजुरी व पुढे १९०८ च्या खटल्यात सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. १९१६ मध्ये मात्र, बेळगाव व अहमदनगर येथील भाषणांबद्दल त्यांच्याकडून जामीन मागणारा हुकूम मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला. भाषणाचा समग्र आशय पाहावा, सुट्या वाक्यांवरून निष्कर्ष काढू नये, अशी न्या. बॅचलर यांची भूमिका होती.

सार्वजनिक अशांततेची प्रवृत्ती हे राजद्रोहाचे मर्म होय, असे फेडरल न्यायालयाने १९४२ मध्ये म्हटले. मुंबई इलाख्यातील सदाशिव नारायण भालेराव खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९४७ मध्ये हे मत अमान्य केले. अखेर सर्वोच्च न्यायालयाने केदारनाथ सिंग खटल्यात (१९६२) फेडरल न्यायालयाचाच अर्थ स्वीकारला. सरकारवरील कठोर टीका तेवढ्याने गुन्हा ठरत नाही, हे तत्त्व त्यामुळे रूढ झाले.

संविधानाच्या १९ (२) मध्ये निर्बंधांची कारणे नमूद आहेत. वृत्तपत्राच्या किंमतीवरून त्याची पृष्ठसंख्या ठरविणारा कायदा व आदेश पुण्याच्या सकाळ दैनिकाच्या अर्जावरून १९६१ मध्ये अवैध ठरले. पृष्ठे व खप यांवरील मर्यादा ही अभिव्यक्तीवरीलच मर्यादा होय. नमूद कारणांव्यतिरिक्त केवळ जनहिताच्या नावाने ती घालता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. चंद्रकांत काकोडकर यांची रंभा मासिकातील ‘शामा’ ही कथा अश्लील नाही, हा १९६९ चा निर्णयही समग्र वाचनावर आधारलेला होता. आणीबाणीतील अभ्यवेक्षणाधिकाऱ्याने मिनू मसानी यांच्या नियतकालिकातील मजकुरास केलेली मनाई मुंबई उच्च न्यायालयाने अवैध ठरविली (१९७६).

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अंमलात आल्यावर १२४ अ कलम उरले नाही. परंतु तिचे १५२ वे कलम देशाच्या सार्वभौमत्वास व एकतेस धोका आणणाऱ्या शब्दांनाही लागू होते. त्यामुळे शब्द आणि प्रत्यक्ष धोका यांतील अंतर पारखण्याचे कार्य न्यायालयांकडेच राहिले आहे. न्यायालयीन दाद बहुधा कारवाईनंतर मिळते, ही या संरक्षणाची मर्यादा होय.