कलेचा कारभार

गेल्या दिवाळींत आमच्या घरीं एक लहानशी परिषदच भरली. धाकट्या बंधूंची कन्या वाणिज्य शाखेची पदवीधर झाली. तिनें बँकेच्या परीक्षेस बसावें असें तिच्या वडिलांचें मत. तिनें मात्र सर्वांसमक्ष शांतपणें सांगितलें कीं, मला कलासंस्थांचें व्यवस्थापन शिकावयाचें आहे. कोणी हंसलें, कोणी कपाळास आठ्या घातल्या. आमच्या मातोश्री म्हणाल्या, "अग, सतरंज्या घालायला नि खुर्च्या मोजायला का शाळा लागते?" मुलगीहि कमी नाहीं. ती मजकडे वळून म्हणाली, "काका, गाणाऱ्याला तुम्ही मान देतां, मग गाणें घडवून आणणाऱ्याला कां नाहीं?" घरांत वडील मीच, आणि जन्म मास्तरकींत गेलेला, तेव्हां निवाडा मजकडे आला. मीं एक महिन्याची मुदत मागून घेतली. त्या महिन्यांत जें वाचलें, आठवलें आणि पारखून पाहिलें, तें आमच्यासारख्या इतर कुटुंबांच्याहि उपयोगीं पडेल या बुद्धीनें येथें मांडीत आहें.

प्रथम हा विषय आजकालचा आहे हा समज दूर केला पाहिजे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांत अखेरीस नाट्यमंडळींतील माणसांची गणना आहे. तींत नट आणि विदूषक यांच्या पंक्तीसच मुकुट घडविणारा, अलंकार करणारा आणि माळा गुंफणारा यांनाहि स्थान दिलेलें आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत तर बाहेरून आलेल्या नटमंडळीनें राजास पांच पण 'प्रेक्षावेतन' द्यावें असा नियम सांपडतो. म्हणजे कला आली कीं तिच्या मागोमाग कर, हिशेब आणि माणसांची व्यवस्था हीं आलींच. आपण 'सूत्रधार' हा शब्द नुसता नांदीपुरता ठेवला, परंतु सूत्रें हातांत धरणारा हा त्याचा अर्थ विसरलों.

महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर या विषयाचा आरंभ सांगलीस होतो. विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं 'सीतास्वयंवर' केलें तें सांगलीकर चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानें. पुढें चिंतामणराव निवर्तले आणि राजाश्रय संपला. तेव्हां भाव्यांनीं मंडळी घेऊन प्रवास केला आणि १८५३ सालीं मुंबईस तिकीट लावून खेळ केले. नाटकाचा पोशिंदा राजा होता, तो त्या दिवसापासून प्रेक्षक झाला. राजास एकदां प्रसन्न केलें म्हणजे वर्षाची चिंता मिटे. प्रेक्षकास मात्र रोज प्रसन्न करावें लागतें, आणि त्याच्या पैशाचा जमाखर्चहि रोज लिहावा लागतो.

हा जमाखर्च कलेस किती झोंबतो याचें सर्वांत बोलकें उदाहरण गंधर्व नाटक मंडळीचें. नारायणराव राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस या तिघांनीं १९१३ सालीं ती स्थापिली. एक अलौकिक गायक-नट, दुसरा संवादिनीचा जाणकार आणि रचनाकार, तिसरा गद्य अभिनयाचा धनी. याहून उत्तम त्रिकूट कोठें मिळावें? कालांतरानें टेंबे गेले, बोडसहि गेले, आणि सर्व भार एकट्या बालगंधर्वांवर आला. उंची शालू, अत्तरें, गालिचे, मोठा परिवार यांत त्यांनीं हात कधीं आखडला नाहीं. नाट्यगृह तुडुंब भरे आणि तरीहि मंडळी कर्जांत बुडे. प्रेक्षकांस हें कोडें वाटे. परंतु ज्यानें चार दिवस खतावणी लिहिली आहे त्यास वाटणार नाहीं. गल्ला म्हणजे नफा नव्हे, एवढें साधें वाक्य त्या वैभवास कोणी समजावून सांगितलें नाहीं, किंवा सांगितलें तरी तें ऐकिलें गेलें नाहीं. अखेर १९३५ सालीं या नटश्रेष्ठास 'धर्मात्मा' या बोलपटांत उतरावें लागलें. याच बालगंधर्वांनीं ८ जुलै १९२१ रोजीं केशवराव भोसले यांच्यासह टिळक स्वराज्य फंडासाठीं संयुक्त 'मानापमान' केलें, तें आजहि स्मरणांत आहे. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांस एका रंगमंचावर आणणें हेंहि व्यवस्थापनाचेंच कौशल्य होय; तें असलें कीं काय घडतें, याची ती एक झलक होती.

दुसरें उदाहरण पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांचें. ५ मे १९०१ रोजीं त्यांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें, पुढें मुंबईस आणिलें आणि कर्ज काढून तेथें इमारत उभारिली. त्या कर्जापायीं अखेर ती इमारत लिलावांत गेली. १९३१ सालीं पंडितजी वारले, आणि त्याच वर्षीं शिष्यांनीं अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिलें. त्या मंडळाच्या परीक्षा आज गांवोगांवचीं मुलें देत आहेत. गुरूंची दगडविटांची इमारत गेली. शिष्यांनीं बांधलेली अभ्यासक्रम, परीक्षा आणि प्रमाणपत्र यांची इमारत राहिली. संस्था कशास म्हणावें, हें मीं आयुष्यभर शाळेंत राहून शिकलों नाहीं तें या एका प्रसंगावरून शिकलों. पंडित भातखंडे हे तर वकिलीची परीक्षा दिलेले गृहस्थ. १९१६ सालीं बडोद्यास त्यांनीं पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरविली आणि १९२६ सालीं लखनौस संगीत विद्यालय उभें राहिलें. आणि १९५३ सालीं पुण्यास सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ सुरूं झालेल्या महोत्सवाचा भार स्वतः भीमसेन जोशी यांनीं वाहिला. मैफल गाजविणारा गवई गुरूच्या पुण्यतिथीची व्यवस्था पाहण्यांत कमीपणा मानीत नाहीं. मग आपण कां मानावा?

आमच्या परभणीकडे पाहूं. निजामी अमलांत येथें जाहीर सभा भरवावयाची तर आधीं परवानगी घ्यावी लागे. गश्ती क्रमांक ५३ चें नांव काढिलें कीं जुनीं माणसें अद्यापि भुंवया उंचावीत. त्या दिवसांत व्याख्यानमाला अथवा मेळा चालविणारा मनुष्य अर्धा वकील आणि अर्धा मुत्सद्दी असावा लागे. त्याच काळांत सातोन्याचे कवि बी. रघुनाथ सरकारी बांधकाम खात्यांतील नोकरी संभाळून लिहीत होते. १९५३ सालीं चाळिसाव्या वर्षीं ते गेले; त्यांचें नांव परभणींत आज घेतलें जातें तें त्यांच्या शब्दांच्या बळावर खरेंच, परंतु त्यांच्या स्मरणार्थ महोत्सव करणाऱ्यांच्या चिकाटीवरहि. १९९५ सालीं अडुसष्टावें साहित्य संमेलन परभणीस भरलें. अध्यक्ष नारायण सुर्वे. आमच्यासारख्या जिल्ह्याच्या गांवीं एवढा सोहळा व्हावा याचा आनंद आजहि आहे. मंडप, ग्रंथदिंडी, निवास, भोजन, पाणी आणि पुस्तकांचे गाळे हें सर्व असल्या प्रसंगीं आपोआप होत नाहीं. होतें तेव्हां तें दिसत नाहीं, एवढेंच.

होत नाहीं तेव्हां मात्र तें दिसतें. येथें माझी एक जुनी चूक कबूल केली पाहिजे. तीसएक वर्षांपूर्वीं आम्हीं कांहीं हौशी मंडळींनीं एका गायकाची मैफल ठरविली. चिटणीस मी. वर्गणीचीं वचनें वहींत, पैसे लोकांच्या खिशांत. करार तोंडीं. ध्वनिक्षेपकाच्या परवान्याची आठवण संध्याकाळीं झाली. मैफल रंगली, आणि पहाटे हिशेब करतां गायकांचें मानधन कसेंबसें भरलें, तबलजींस मात्र आम्हीं शाल आणि नारळ दिला. त्यांनीं दोन्हीं हातांनीं तो घेतला आणि हळूच म्हणाले, "मास्तर, नारळावर एस.टी.चें तिकीट मिळत नाहीं हो." त्यांच्या बोलण्यांत राग नव्हता, म्हणूनच तें वाक्य अद्यापि टोंचतें. मीं माझ्या खिशांतून प्रवासखर्च दिला. पण त्यांची विद्या आम्हीं फुकट घेतली, हें मिटलें नाहीं. कारभार न जाणणारी रसिकता सज्जनांच्याहि हातून अन्याय करविते.

या अडचणीचें मूळ केवळ आमच्या गबाळेपणांत नाहीं. विल्यम बॉमल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनीं १९६६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत तें उलगडून दाखविलें आहे. यंत्रें सुधारलीं म्हणजे गिरणीमध्यें तेवढ्याच माणसांकडून अधिक कापड निघतें आणि मजुरी वाढली तरी परवडते. परंतु चार वादकांची रचना वाजविण्यास पूर्वीं चार माणसें लागत, आजहि चारच लागतात. आपला विलंबित ख्याल घ्या. तो दुप्पट लयींत उरकून वेळ वांचविला तर ख्यालच उरत नाहीं. वादकाची मिळकत मात्र जगाबरोबर वाढली पाहिजे. म्हणून केवळ तिकिटांवर उत्तम कला बहुधा तगत नाहीं. तीस सभासद, देणगीदार, अनुदान असे अनेक झरे लागतात. ते शोधणें, आणि त्या पैशानें कलेची मान वांकूं न देणें, हेंच या व्यवसायाचें मर्म होय.

आतां शिकावयाचें तें काय? पहिलें हिशेब आणि अंदाजपत्रक. दुसरा कायदा: १८६० च्या कायद्याखालीं संस्थेची नोंदणी, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याची बंधनें, देणगीवरील आयकराची सवलत. १९५७ च्या कायद्यान्वयें लेखकाचा स्वामित्वहक्क त्याच्या पश्चात् साठ वर्षें राहतो, हें ठाऊक नसल्यामुळें कित्येक हौशी मंडळ्या अडचणींत येतात. २०१३ च्या कंपनी कायद्यानें मोठ्या कंपन्यांस सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यास लावावयास सांगितले. त्या कार्यांच्या यादींत कला आणि वारसा यांचाहि समावेश आहे. हें जाणणारी व्यक्ति संस्थेस लाभली तर वर्गणीसाठीं दारोदार हिंडणें कमी होईल. तिसरें माणसांशीं वागणें: कलावंत, साथीदार, दाता आणि रसिक या चौघांचीं मनें राखणें. चौथें आणि सर्वांत अवघड म्हणजे कलेची स्वतःची ओळख. तिच्यावांचून पहिलीं तिन्ही निव्वळ दुकानदारी होय.

शिक्षणाच्या सोयीहि आहेत. टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठांत १९६९ पासून कलासंस्थांचें व्यवस्थापन शिकविलें जाऊं लागलें. आपल्याकडे बडोद्याच्या विद्यापीठांत संग्रहालयशास्त्राचा विभाग १९५२ पासून आहे. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानेंहि त्या विषयाची पदविका चालविली आहे. पुणें विद्यापीठाचें ललित कला केंद्र १९८७ चें. तेथें कलेचेंच शिक्षण मिळतें. दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रानें सांस्कृतिक व्यवस्थापनाची पदविका योजिली आहे. प्रवेशाचे नियम बदलत असतात, ते त्या त्या ठिकाणीं विचारून घ्यावेत.

पालकांस दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. या मार्गांत बँकेसारखी निश्चिती नाहीं. नोकऱ्या बहुतेक मोठ्या शहरांत, आणि पुष्कळशा मुदतीच्या कराराच्या. आरंभींचीं वर्षें कष्टाचीं जातात. परंतु हिशेब, कायदा आणि लोकसंग्रह जाणणारें माणूस कोठेंहि उपाशी राहत नाहीं, हेंहि तितकेंच खरें. एकत्र कुटुंब म्हणतात तें अशाच वेळीं कसास लागतें. चार कमावत्या हातांनीं पांचव्यास दोन वर्षें आधार दिला तर त्यास धाडस म्हणूं नये, गुंतवणूक म्हणावी.

महिना भरला आणि मीं निकाल दिला. मुलीनें एक वर्ष परभणींतच राहून गांवच्या एखाद्या संगीत मंडळाचे हिशेब विनामूल्य लिहावेत, स्वतः एक कला, मग ती गायन असो कीं तबला, पहिल्या परीक्षेपर्यंत तरी शिकावी, आणि तरीहि इच्छा कायम राहिली तर पुढील वर्षीं आम्हीं तिला आनंदानें धाडावें. बँकेची परीक्षा द्यावी कीं नाहीं, हें तिच्यावर सोंपविलें. बंधूंनीं जरा विचार करून मान हलविली. मातोश्री म्हणाल्या, "मग आधीं घरच्या दत्तजयंतीचा हिशेब तिलाच लिहूं द्या."

दत्तजयंतीस आमच्या घरीं कीर्तन असतें. आठ दिवस आधीं तिनें कागद माझ्यापुढें ठेविला. आजवर आमच्या यादीचा आरंभ फुलें आणि प्रसाद यांनीं होत असे. तिच्या यादींत पहिली ओळ होती: तबलजी आणि पेटीवाले यांचें मानधन आणि जाण्यायेण्याचा खर्च, आगाऊ. मीं चष्मा पुसला आणि खालीं सही केली.