इलेक्ट्रिक गाडीचे ब्रेक झिजत नाहीत, गंजतात

नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा, शिरपूर या पट्ट्यातील काही व्यापाऱ्यांच्या दारात आता इलेक्ट्रिक मोटार उभी दिसते. आमच्याही दारात चार वर्षांपासून आहे. मालेगावहून नमुने आणायचे, धुळ्याला उधारी वसूल करायला जायचे, यात डिझेलचा खर्च फार होई, म्हणून हिशेब करून आम्ही ती घेतली. गाडी विकणारा तीन गोष्टी सांगतो. इंजिन ऑइल नाही, क्लच प्लेट नाही आणि ब्रेक तर झिजतच नाहीत. पहिल्या दोन गोष्टी पूर्ण खऱ्या आहेत. तिसरी अर्धीच खरी आहे आणि ज्यांच्याकडे अशी गाडी आहे किंवा ज्यांचे गॅरेज आहे, अशा दोघांनीही उरलेली अर्धी समजून घेणे जरुरीचे आहे.

ब्रेक कमी का झिजतात ते आधी पाहू. इलेक्ट्रिक गाडीत पाय उचलला की मोटर उलटे काम करू लागते. ती डायनामो बनते, चाकाची गती खाते आणि वीज करून बॅटरीत परत टाकते. गाडीचा वेग बहुतेक वेळा यानेच कमी होतो. पॅड आणि डिस्क यांना शेवटच्या काही फुटांत किंवा जोरात ब्रेक मारला तरच काम पडते. ही काही नवी जादू नाही. सन १९३० च्या सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने कसारा आणि खंडाळ्याच्या घाटात विजेची इंजिने आणली, त्यांना लोक ‘खेकडा’ म्हणत. ती इंजिने घाट उतरताना याच रीतीने गाडी आवरत आणि तयार झालेली वीज वरच्या तारेत परत देत. जे काम मालगाडीसाठी शंभर वर्षांपूर्वी होत होते, ते आता आपल्या मोटारीत होते, इतकेच.

आता उरलेली अर्धी गोष्ट. ब्रेकची डिस्क बिडाची असते. तिला पाणी लागले की एका रात्रीत तांबूस थर येतो. पेट्रोल गाडीत सकाळी चार वेळा ब्रेक मारला की पॅड तो थर पुसून काढतो. इलेक्ट्रिक गाडीत पुसायला कोणी येतच नाही. थर जाड होतो, त्याचे खड्डे बनतात, आणि मग तीच खडबडीत डिस्क पॅडला खरवडते. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात चाकाच्या आत अशी चिकटते की वाळल्यावर खरवडूनच काढावी लागते. आत ओल धरून ठेवायला ती पुरेशी आहे.

यापेक्षा वाईट प्रकार कॅलिपरच्या पिनांचा. बहुतेक मोटारींत कॅलिपर दोन पिनांवर मागे-पुढे सरकतो. पिस्टन एकाच बाजूला, आतल्या अंगाला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, त्याच्या धक्क्याने कॅलिपर मागे सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून आणतो. पिनेचे ग्रीस सुकले, रबर फाटून आत पाणी गेले की पिन अडकते. मग सरकणे बंद. आतला पॅड एकटाच दाबला जातो, आणि पाय उचलल्यावर नीट सुटतही नाही.

आमच्या गाडीत हेच झाले होते. ज्या वर्कशॉपमध्ये गाडी तपासणीला दिली होती, तिथल्या कागदावर ब्रेकसमोर ‘ठीक’ अशी खूण होती. चाक काढलेच नव्हते. रिमच्या फटीतून बाहेरचा पॅड दिसतो, तो पाहून खूण केली होती. कापड घेताना आपण ताग्याची वरची घडी पाहून पैसे देत नाही, आतली घडी उलगडतो. इथे मात्र वरच्या घडीवर सौदा झाला. चाक जरा गरम लागते अशी शंका आली म्हणून आम्ही रस्त्यावरच्या जुन्या मिस्त्रींना बोलावले. सारा बाजार त्यांना मामू म्हणतो. मॅटाडोर आणि ४०७ दुरुस्त करण्यात त्यांचे आयुष्य गेले आहे. त्यांनी चाक काढले, पॅड बाहेर घेतले आणि पट्टी लावली.

“सेठ, बाहेरचा आठ मिलीमीटर आहे, आतला दोन.”

“पण मामू, गाडी तर व्यवस्थित थांबत होती!”

“मोटर थांबवत होती, सेठ. ब्रेकची हजेरी तीच लावत होती.”

या एका वाक्यात सगळा धोका आला. साध्या गाडीत ब्रेक खराब होऊ लागला की पायाला कळते. इलेक्ट्रिक गाडीत रोजच्या धावण्यात काही कळत नाही. कळते ते नेमके त्या वेळी, जेव्हा मोटरची मदत मिळत नाही. अशी वेळ येते का? येते. बॅटरी पूर्ण भरलेली असली की परत आलेली वीज ठेवायला जागा नसते, म्हणून मोटरचा ब्रेक जवळजवळ बंद होतो. समजा सेंधव्याला मुक्काम केला, रात्रभर चार्जिंग करून शंभर टक्के भरले आणि सकाळी बिजासन घाट उतरू लागलो. उतार सर्वांत मोठा आणि मोटरची मदत सर्वांत कमी! सगळा भार पॅड आणि डिस्क यांच्यावर. याच रस्त्यावर ४ जुलै २०२३ रोजी पळासनेरजवळ ब्रेक निकामी झालेला कंटेनर ट्रक वाहनांना धडकून हॉटेलात घुसला आणि किमान दहा माणसे गेली. तो डिझेलचा ट्रक होता, त्याचे कारण वेगळे. पण त्या उताराची ताकद काय आहे हे खानदेशात कोणाला सांगावे लागत नाही. शिवाय इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीचेच दोन-तीन क्विंटल वजन असते, मोठ्या गाडीत त्याहूनही जास्त. घाटावरून निघताना बॅटरी ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवर असावी हे बरे.

तर आता कामाकडे वळू. समोरच्या चाकांचे पॅड आणि डिस्क बदलणे हे घरी किंवा साध्या गॅरेजात होणारे काम आहे. ज्याने आयुष्यात कधी पाना धरला नाही त्याने पहिल्या वेळी जाणकार माणूस जवळ ठेवावा.

गाडी सपाट फरशीवर घ्यावी, मागच्या चाकांना दगड लावावेत, गाडी बंद करून चावी लांब ठेवावी. काही इलेक्ट्रिक गाड्यांत दार उघडले किंवा चावी जवळ आली की ब्रेकची यंत्रणा आपोआप जागी होऊन पिस्टनला दाब देते. त्या वेळी आत बोट असले तर चेंगरते. अशा गाडीला १२ व्होल्टची बॅटरी सोडावी की नाही, हे कंपनीच्या पुस्तकात पाहून करावे. नारिंगी रंगाच्या जाड तारांना हात लावण्याचे या कामात कारणच नाही. जॅक मात्र फार जपून लावावा. मोठी बॅटरी गाडीच्या पोटाखाली असते. पुस्तकात दाखवलेल्या खुणेवरच जॅक बसला पाहिजे. नेहमीच्या सवयीने मध्येच जॅक लावला तर बॅटरीचा पत्रा दबेल आणि मग खर्च हजारांत राहणार नाही, लाखांत जाईल. गाडी उचलल्यावर खाली लोखंडी घोडी द्यावी. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून आत हात घालू नये.

चाक काढल्यावर कॅलिपरचा बोल्ट सोडून तो वर उचलावा आणि तारेने बांधून ठेवावा. ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये. पिस्टन मागे दाबण्यापूर्वी ब्रेक ऑइलची बाटली पाहावी. काठोकाठ असेल तर सिरिंजने थोडे काढावे, नाहीतर ते उतू जाऊन रंग खाईल. मग शिकंज्याने पिस्टन हळूहळू दाबावा. ही रीत समोरच्या चाकांची. मागच्या चाकाला बटणावर चालणारा विजेचा हँडब्रेक असेल तर तिथला पिस्टन असा दाबायचा नाही. त्याला आधी दुरुस्तीच्या अवस्थेत न्यावे लागते, आणि ते मशीन लावून किंवा पुस्तकात दिलेल्या क्रमाने होते. जबरदस्ती केली तर आतली मोटर तुटते.

डिस्क बदलायची की नाही हे डोळ्यांनी ठरवू नये. बहुतेक डिस्कच्या कडेला किंवा मधल्या भागावर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो. चार-पाच ठिकाणी मापून सर्वांत कमी आलेले माप त्या आकड्याशी ताडावे. माप पुरेसे असेल आणि गंज वरवरचा असेल तर डिस्क बदलण्याची गरज नाही. पॉलिश पेपरने साफ करावी, दोन दिवस नीट ब्रेक मारत चालवावी. खोल चऱ्या आणि खड्डे असतील तर नवी घ्यावी. पॅडचा मसाला तीन मिलीमीटरवर आला की बदलावा. पॅड असो वा डिस्क, दोन्ही चाकांचे एकत्रच बदलावे, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.

नवी डिस्क बसवण्यापूर्वी हबचा गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढावा. तिथे कणभर खपली राहिली तरी डिस्क वाकडी फिरते आणि पायाला थरथर जाणवते. नव्या डिस्कला गंज लागू नये म्हणून तेल लावलेले असते, ते ब्रेक क्लीनरने पुसावे. दोन्ही पिना बाहेर काढून साफ कराव्यात आणि त्यांना ब्रेकचे खास सिलिकॉन ग्रीस लावावे. गॅरेजात डब्यात असते ते साधे ग्रीस रबर फुगवते, आणि वर्षभरात पिन पुन्हा अडकते. आमच्या मते सगळ्या कामात हीच जागा सर्वांत महत्त्वाची आहे आणि घाईत हीच वगळली जाते.

एक गोष्ट कारागीर बांधवांना हात जोडून सांगायची आहे. चाक उघडले की ब्रेकची धूळ कंप्रेसरच्या हवेने उडवायची सवय सोडावी. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि नव्या मसाल्याची बारीक धूळही छातीला चांगली नाही. ओल्या कपड्याने पुसावी, तोंडाला मास्क लावावा. युरोपात तर आता धुराबरोबर ब्रेकच्या धुळीवरही मर्यादा येते आहे. २०२४ मध्ये केलेल्या युरो ७ नियमांत पूर्ण इलेक्ट्रिक मोटारीला किलोमीटरमागे ३ मिलिग्रॅम आणि इतर बहुतेक मोटारींना ७ मिलिग्रॅम अशी हद्द घातली आहे. जी धूळ रस्त्यावर नको, ती गॅरेजच्या बंद शटरमागे शागीर्द मुलांच्या छातीत कशाला?

सगळे बसवून चाकांचे नट पुस्तकातील मापाप्रमाणे टॉर्क पान्याने आवळले की, गाडी एक इंचही हलवण्यापूर्वी ब्रेकचे पॅडल पंपासारखे दाबावे. पिस्टन मागे गेलेला असतो, पहिले दोन-चार दाब पोकळ जातात. पॅडल कडक लागले की मगच गाडी काढावी. नंतर पॅड डिस्कवर बसवायचे. इथे इलेक्ट्रिक गाडीची गंमत आहे. साध्या रीतीने चालवली तर मोटरच ब्रेक लावते आणि नवा पॅड बसतच नाही. म्हणून मोटरचा ब्रेक सर्वांत खालच्या पायरीवर किंवा शून्यावर आणावा. आम्ही पहाटे एमआयडीसीच्या मोकळ्या रस्त्यावर गेलो, पन्नासच्या वेगावरून दहा-पंधरापर्यंत असा आठ-दहा वेळा वेग कमी केला, मध्ये थोडी हवा लागू दिली, आणि गरम डिस्कवर पाय दाबून उभे राहिलो नाही.

हीच युक्ती नेहमीसाठीही कामाची आहे, आणि तिला पैसा लागत नाही. आठवड्यातून एकदा, मागे कोणी नसताना, मोटरचा ब्रेक कमी करून दहा-बारा वेळा खरा ब्रेक मारावा. डिस्क चकचकीत राहते. गाडी धुतल्यावर लगेच उभी करू नये, एक फेरी मारून ब्रेक कोरडे करावेत. पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा चारही चाके काढून पिना हाताने सरकतात का ते पाहावे. कित्येक इलेक्ट्रिक गाड्यांना मागे डिस्कऐवजी ड्रम असतो, त्याला कमी दर्जाचा समजू नये. फोक्सवॅगन कंपनीने आपल्या आयडी मालिकेतील गाड्यांना मागे मुद्दाम ड्रम दिले, कारण बंद डब्यात गंज कमी लागतो. तोही उघडून पाहावा.

आमचे मामू म्हणतात, इलेक्ट्रिक गाड्या आल्या तर आमची रोजी गेली. इंजिनाचे काम करणाऱ्यांची चिंता खोटी नाही. पण ब्रेक, चाक, सस्पेन्शन, बेअरिंग हे सगळे तिथेच आहे, आणि वजन वाढल्याने त्याचे काम घटणार नाही. पुस्तक इंग्रजीत असते ही अडचण आमची उर्दू शाळेतली पिढी चांगली जाणते; मामूंकडे आता दहावी झालेला एक मुलगा येतो, तो मोबाईलवर पुस्तक उघडून नट किती आवळायचा ते वाचून सांगतो आणि मामू पाना फिरवतात. आमच्या गाडीचे दोन्ही चाकांचे काम त्या दोघांनी दुपारच्या जेवणाआधी संपवले. मेहनताना मामू कमीच सांगत होते. आम्ही वर्कशॉपच्या दराने दिला.

राहिले ब्रेक ऑइल. ते हवेतली ओल शोषते, आणि ओल धरलेले ऑइल घाटात तापले की उकळून पॅडल पोकळ करते. गाडी कमी चालली असली तरी साधारण दोन वर्षांनी, किंवा पुस्तकात दिली असेल त्या मुदतीला ते बदलावे. पुस्तकात जे डॉट नंबरचे सांगितले असेल तेच, सीलबंद बाटलीतले घ्यावे. विजेवर चालणारा ब्रेक बूस्टर असलेल्या काही गाड्यांत हवा काढायला मशीन लागते, तेवढे काम मात्र वर्कशॉपमध्येच करून घ्यावे आणि जुने ऑइल आपल्यासमोर बाहेर काढायला लावावे.