मागे राहील तिचे घर

मराठी मध्यमवर्गात निवृत्तीनंतरचे घर बहुधा नवरा निवडतो आणि त्या घरातली शेवटची वर्षे बायको एकटी काढते. लग्नात नवरा चार-पाच वर्षांनी मोठा असण्याची आपली रीत. त्यात बाईचे सरासरी आयुष्य पुरुषापेक्षा जास्त. साठीपुढच्या विधवांची संख्या विधुरांपेक्षा किती मोठी आहे, हे प्रत्येक जनगणना सांगत आली आहे. २०११ साली देशात साठी ओलांडलेले १० कोटी ३८ लाख लोक होते, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के; महाराष्ट्रात हे प्रमाण ९.९ टक्के होते. ते पुढे वाढतच गेले आहे. तरीही घर बघायला गेलेल्या जोडप्याच्या तोंडी प्रश्न असतात ते पार्किंगचे, गॅलरीतून काय दिसते याचे आणि भाव पुढे किती चढेल याचे.

या लेखात मला एकच कसोटी मांडायची आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, एकटी, गाडी न चालवणारी बाई या घरात आणि या गावात दुसऱ्याच्या मिनतवारीशिवाय राहू शकेल का? मागे तो राहिला तरी ही कसोटी त्याच्या कामाची आहेच, कारण तिला जे सोयीचे ते त्यालाही सोयीचे. पण प्रश्न तिच्या नावाने विचारला की उत्तर बदलते, असा माझा अनुभव आहे.

सर्वांत आधी कोकण, कारण मुंबई-ठाण्यातल्या निवृत्तांचे मन पहिल्यांदा तिकडेच धावते. तीस-पस्तीस वर्षे लोकलला लटकून काढलेल्या माणसाला गावचे घर दिसत राहते, यात नवल नाही. राजापूर तालुक्यात असे एक घर मी पाहिले. डांबरी रस्ता वर, घर खाली आगरात आणि मध्ये जांभ्या दगडाची पाखाडी. मे महिन्यात ती उतरताना पायाखाली सुकी पाने वाजतात आणि मन हरखते. जूनमध्ये त्याच दगडांवर शेवाळ धरते. पायऱ्यांची उंची एकसारखी नाही, बाजूला धरायला काही नाही. पावसाची झड आत येऊ नये म्हणून पडवीला झडी बांधाव्या लागतात, दरवर्षी कौले चाळून घ्यावी लागतात, आणि ती चाळणारा माणूस मिळालाच तर मेअखेर सगळ्या वाडीला तो एकाच आठवड्यात हवा असतो. शेजारच्या घरातल्या काकूंना अर्धांगाचा झटका आला तेव्हा चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून पाखाडी चढून रस्त्यावर आणले. वाडीत चौघे होते, कारण गणपतीचे दिवस होते.

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटर आणि त्याहून अधिक पाऊस पडतो, हे सगळ्यांना पाठ असते. त्या पावसात काय काय बंद पडते हे गणपतीला आणि मे महिन्यात जाणाऱ्यांना नीटसे ठाऊक नसते. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, त्यानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडची कितीतरी गावे दिवसेंदिवस अंधारात होती. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले आणि त्याच पावसात महाड तालुक्यातली तळिये वाडी दरडीखाली गेली. उतारावरची जागा बघताना वरच्या बाजूचा डोंगर कोणी, कुठे आणि कशासाठी खोदला आहे हे स्वतः चढून बघावे, असे मी आग्रहाने सांगेन.

वैद्यकीय सोयींचे चित्र पूर्वीपेक्षा बरे आहे. चिपळूणजवळ डेरवणचे वालावलकर रुग्णालय आहे, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तरी सावंतवाडी-बांद्याकडचा अवघड रुग्ण आजही गोव्यात बांबोळीला नेतात. रुग्णवाहिकेला फोन केल्यापासून हृदयविकाराच्या डॉक्टरसमोर पोहोचेपर्यंत रात्री अकरा वाजता, भर पावसात किती वेळ लागतो, हे त्या गावातल्या रिक्षावाल्याला विचारावे. तो खरे सांगतो. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमध्ये पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते. पण ते योजनेत सामील असलेल्या रुग्णालयातच. तेव्हा कार्ड काढण्याइतकेच, असे जवळचे रुग्णालय कोणते हे शोधणेही महत्त्वाचे.

आणि या सगळ्याहून मोठी एक गोष्ट आहे, जी कुठल्याच कागदावर नसते. त्याच्यासाठी ते गाव लहानपणाचे आहे. तिच्यासाठी ते सासर आहे. ती तिथे राहिली ती पाहुणी म्हणून, नाहीतर सणाला राबणारी सून म्हणून. तिची मैत्रिणींची भिशी डोंबिवलीत, वाचनालय डोंबिवलीत, गुडघे दुखायला लागल्यावर जिने रोज चौकशी केली ती शेजारीणही तिथलीच. तो असेतो भावकीत त्याच्या शब्दाला वजन असते. तो गेल्यावर तिच्या वाट्याला येते ते सामाईक सातबाऱ्यावरचे एक नाव आणि विहिरीच्या पंपावरून होणारी कुरबुर.

सातबाऱ्याचे निघालेच म्हणून सांगतो. वडिलोपार्जित घर दुरुस्त करण्यात आयुष्याची पुंजी घालण्याआधी वाटणीपत्र किंवा बाकीच्या हिस्सेदारांचे हक्कसोडपत्र नोंदणीकृत करून घ्यावे आणि फेरफार होऊन नाव लागल्याचे डोळ्यांनी बघावे. घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. नवी जमीन घ्यायची तर महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. म्हणून बिगरशेती आदेश मूळ पाहावा, दलालाच्या मोबाइलमधला फोटो चालवून घेऊ नये. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. 'पाच गुंठे, समुद्र दिसतो' अशा जाहिरातींतले पुष्कळ तुकडे एका मोठ्या सातबाऱ्यावर दहा-वीस नावे चढवून विकलेले असतात. प्रत्येकाचा हिस्सा जमिनीवर आखलेला नसतो आणि बांधकामाची परवानगीही मिळत नाही. समुद्र खरोखर दिसत असेल, तर किनारा नियमन क्षेत्राचा नकाशा बघायलाच हवा. २०१९ च्या अधिसूचनेनुसार विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरचा पट्टा नव्या बांधकामाला बंद आहे.

मग जावे कुठे? माझा कल स्पष्टपणे तालुक्याच्या किंवा मध्यम जिल्ह्याच्या गावाकडे आहे. वाई, दापोली, मिरज, नाशिकचा जुना भाग अशी गावे, जिथे औषधाचे दुकान, बँक, भाजी, देऊळ, वाचनालय आणि एसटी स्थानक चालत गाठता येते. एसटीला मी मुद्दाम वजन देतो. पंच्याहत्तरीपुढे एसटीचा प्रवास मोफत आहे, पासष्टच्या पुढे अर्ध्या तिकिटात, आणि मार्च २०२३ पासून सगळ्याच महिलांना निम्मे भाडे आहे. ज्या बाईला गाडी चालवता येत नाही, तिच्या हिंडण्याफिरण्याचे स्वातंत्र्य या लाल गाडीवर उभे असते. मुलीकडे जायचे तर तिला कोणाची वाट बघावी लागत नाही.

मिरजेचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. वानलेस रुग्णालय तिथे १८९४ मध्ये सुरू झाले आणि त्याच्या आजूबाजूला डॉक्टरांचे गावच वसले. रेल्वेचे जंक्शन, गाण्याची परंपरा, सपाट रस्ते, मुंबई-पुण्याच्या मानाने आवाक्यातले भाव. पण शेजारी कृष्णा आहे, आणि सांगली परिसराने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर पाहिले. जलसंपदा विभाग नदीकाठी पूररेषा आखतो: पंचवीस वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल. घर लाल रेषेच्या बाहेर हवे. नकाशा हाती आला नाही तर गल्लीतल्या जुन्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची खूण कुठवर आहे ते विचारावे. लोक हात लावून दाखवतात.

पुण्याभोवती ज्येष्ठांसाठी म्हणून बांधलेल्या वसाहतींचा पर्याय आता चांगला रुजला आहे. परांजपे स्कीम्सच्या 'अथश्री'ने ही वाट मराठी कुटुंबांना ओळखीची करून दिली. मुलाने म्हाताऱ्यांना 'टाकले' असे पूर्वी लोक म्हणत; आता आई-वडील स्वतः जाऊन घर बघतात आणि पसंत करतात. या बदलाचे मला मनापासून कौतुक वाटते. एकट्या बाईच्या दृष्टीने हा पर्याय खरेच भक्कम आहे: जेवणघर, रात्रीचा पहारा, बेल दाबली की येणारा माणूस आणि गप्पांना समवयस्क.

पण 'ज्येष्ठांसाठी' हा शब्द जाहिरातीत फुकट मिळतो. म्हणूनच महारेराने २०२४ मध्ये असे प्रकल्प कसे असावेत याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. एकाहून अधिक मजले असतील तर लिफ्ट हवी, दरवाजे किमान ९०० मिलिमीटर रुंद हवेत, जिना १५०० मिलिमीटरचा, दोन्ही बाजूंना कठडा आणि सलग बारापेक्षा जास्त पायऱ्या नकोत. नमुन्याचा फ्लॅट बघायला जाताना पिशवीत मोजपट्टी न्यावी आणि आधी न्हाणीघराच्या दाराला लावावी. नेहमीच्या इमारतींत हे दार अडीच फुटांचे असते. चौकट आणि अर्धवट उघडणारे पान वजा जाता दोन-सव्वादोन फुटांची चाकांची खुर्ची त्यातून जात नाही. मग आत जो उंचवटा असतो, पाणी बाहेर येऊ नये म्हणून केलेला, तिथेच बहुतेक पाय घसरतात. कमोडशेजारी दांडी बसवायची तर भिंत पक्क्या विटांची आहे की पोकळ, तेही टिचकी मारून बघावे.

दुसरी चौकशी पैशांची. महिन्याचा खर्च आज किती, तो ठरवतो कोण, आणि बिल्डर निघून गेल्यावर जेवणघर कोण चालवणार? सोसायटीचा देखभाल खर्च दरमहा ७५०० रुपयांच्या वर गेला आणि सोसायटी वस्तू व सेवा कराच्या कक्षेत असली, तर त्यावर १८ टक्के कर लागतो. नवऱ्याच्या निवृत्तिवेतनावर हा खर्च सहज निघत असेल. कुटुंब निवृत्तिवेतन त्याहून बरेच कमी असते. तिच्या एकटीच्या मिळकतीतून तो निघेल का, हा हिशेब आज मांडायचा आहे. मुलांना तिथे कायम राहता येते का, वारसांना घर विकताना वयाची अट आडवी येते का, हेही करारात वाचावे. डोंगरात वसवलेल्या नव्या गावांबाबत दुप्पट सावधगिरी हवी. लवासा उभारणारी कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तेव्हा तिथे घरे घेतलेल्यांचा जीव किती टांगणीला लागला असेल!

मुंबईतच राहू म्हणणाऱ्यांविषयी थोडक्यात. ओळखीचा शेजार ही तिथली मोठी ठेव आहे. पण इमारत चाळीस वर्षांची आणि लिफ्टविना असेल तर पुनर्विकास येणार हे धरून चालावे. तो साठीत आला तर निभतो. पंच्याहत्तरीत आला तर दोन-तीन वर्षे भाड्याच्या घरात, अनोळखी गल्लीत काढावी लागतात, कामे रखडली तर त्याहून अधिक.

आता नावाचा प्रश्न. पुण्यात घरावर ७ टक्के मुद्रांक शुल्क लागते, शिवाय नोंदणी फी, जी कमाल ३० हजार आहे. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्क एक टक्का कमी पडते. ८० लाखांच्या घराला ८० हजार वाचतात. पुरुषाचे नाव जोडले की ही सवलत जाते. मला तिच्या नावाचा पर्याय सवलतीपलीकडेही पटतो, कारण नवऱ्यामागे तिला वारस दाखल्यासाठी कोणाच्या दारात उभे राहावे लागत नाही. मात्र जुने घर त्याच्या नावावर असेल आणि विक्रीच्या नफ्यावरचा कर वाचवायचा असेल, तर आधी सनदी लेखापालांना विचारावे. नवे घर दुसऱ्याच्या नावावर घेतल्यास सूट मिळते का, यावर न्यायालयांचे निकाल एकसारखे नाहीत.

हयातीत घर मुलाच्या नावावर करून देण्याची घाई मात्र करू नये. महाराष्ट्रात राहते घर मुला-नातवंडांना बक्षीस देण्याचे मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपयांच्या घरात आहे, त्यामुळे मोह होतो. द्यायचेच तर 'आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर' असे बक्षीसपत्रात लिहून घ्यावे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम २३ सांभाळ न झाल्यास असे हस्तांतर रद्द करू देते, आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावला. घर स्वतःच्या नावावर असेल तर उलट गहाणाचाही आधार आहे: साठीनंतर बँक घरावर दरमहा पैसे देते आणि दोघेही कर्जदार असतील तर मागे राहणाऱ्याला शेवटपर्यंत त्याच घरात राहता येते. त्यासाठी घर स्वकष्टार्जित आणि निर्वेध लागते. सामाईक सातबाऱ्यावरच्या घराला हा आधार मिळत नाही.

सात टक्के शुल्क, दलाली, रंगकाम आणि फर्निचर धरले तर चुकलेली निवड फार महाग पडते. म्हणून आधी वर्षभर भाड्याने राहून बघावे. सोसायटीतला आपला फ्लॅट अकरा महिन्यांच्या करारावर देता येतो आणि त्यासाठी सोसायटीला सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त बिनवापर आकार घेता येत नाही. हे साठी-बासष्टीत करावे. नव्या गावात भजनी मंडळात, ज्येष्ठ नागरिक संघात, भाजीवालीशी ओळख मुरायला वर्षे लागतात, आणि दुःख कोसळल्यावर ती ओळख नव्याने जोडण्याचे बळ उरत नाही.

त्या वर्षातला जुलै तिने त्या घरात एकटीने काढावा. त्याने मुलाकडे जावे, फोनही रोज करू नये. गॅस संपला, वीज गेली, ताप आला, बँकेत जायचे झाले, तर तिचे कसे होते ते तिला कळेल. ऑगस्टमध्ये तो परत आला की तिने सांगावे, इथे राहायचे की नाही. आणि ती 'नाही' म्हणाली तर विसार देऊ नये.