आजींची भाजी आणि वाचनालयातला झाडांचा कोपरा

मागच्या भागात वाचनालयाच्या इमारतीबद्दल बोललो, आज फक्त एका कोपऱ्याबद्दल.

जुलैत आमच्या वाचनालयात एक आजी आल्या. पिशवीत वीतभर कोवळी भाजी. "हा टाकळाच ना रे? पुस्तकात बघून सांग." पुस्तक काढलं. त्यात फोटो पिवळ्या फुलांचा, लांब शेंगांचा. पण भाजी कोवळीच खुडतात, तेव्हा फूल कुठलं असायला?

टाकळ्यासारखाच दिसतो कासविंदा. टाकळ्याच्या पानात साधारण तीन जोड्या, टोकाला गोलसर. कासविंद्याच्या जोड्या बहुधा जास्त, टोक निमुळतं. त्याच्या बिया खाऊन लहान मुलं दगावल्याच्या घटना पश्चिम उत्तर प्रदेशात नोंदल्या गेल्यात. म्हणजे आजींचा प्रश्न साधा नव्हता.

आणि पुस्तकं कुठे? ड्यूई वर्गीकरणात वनस्पतिशास्त्र ५८० ला, बागकाम ६३५ ला, औषधी वनस्पती ६१५ ला, स्वयंपाक ६४१ ला. एका टाकळ्यासाठी चार कपाटं! आजींनी गुडघे धरून फिरायचं का?

आम्ही क्रमांक बदलले नाहीत. खिडकीजवळ टेबल टाकलं आणि चारही ठिकाणची नेहमी लागणारी पुस्तकं तिथे आणली. कपाटात 'खिडकीजवळ पाहा' अशी चिठ्ठी. खुर्च्या हाताच्या, म्हणजे टेकून उठता येतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग दोरीने बांधलंय (नाहीतर ते आठवड्यात गायब!). भिंतीवर झाडं रंगवायचीही सूचना आली होती, पण त्याने पान ओळखता येत नाही, म्हणून मी विरोध केला.

खरा उपयोग होतो वाळवलेल्या नमुन्यांचा. रोप वर्तमानपत्रात दाबायचं, सुरुवातीला कागद रोज बदलायचा, पूर्ण वाळलं की जाड कागदावर चिकटवायचं. शेजारी जागा, तारीख. मुख्य म्हणजे एकाच झाडाचे तीन कागद: कोवळं, फुलावर, शेंगेवर. ओली रोपं मात्र बाहेरच्या ओट्यावरच, नाहीतर पुस्तकांना बुरशी धरते. आणि शंका राहिली तर 'खाऊ नका' हेच उत्तर, तज्ज्ञाला दाखवेपर्यंत.

आजींचा टाकळाच निघाला. त्यातलंच एक रोप पहिल्या कागदावर आहे. खाली त्यांनी लिहवून घेतलंय: "माझ्या माहेरी, विदर्भात, तरोटा म्हणतात." शेंगांचा कागद अजून कोराच आहे. पाऊस ओसरला की आजीच आणणार आहेत.