विश्लेषण : भिंतच नाही, तरी वाट सापडेना... नियमांचा चक्रव्यूह सोडवायचा कसा?

गेवराई तालुक्यातील तलवाड्याच्या शाळेचे अंगण असो की पुण्यातील सोसायटी, या खेळाला मोबाइल लागत नाही आणि नेटही. खडूने आखलेली सोळा घरे पुरतात. तरीही त्यातून बाहेर पडताना मोठी माणसेही अडकतात. असे का होते?

भूलभुलैयापेक्षा वेगळे काय?

नेहमीच्या भूलभुलैयात भिंती वाट अडवतात. तर्काच्या चक्रव्यूहात सगळी घरे उघडी असतात, अडवतो तो नियम. पुढचा नमुना पाहा. सुरुवात डावीकडील वरच्या घरातून करायची. घरातील आकडा जितका, तितकीच घरे एका सरळ रेषेत जायचे. उभे किंवा आडवे, तिरके नाही. पटाबाहेर जाता येत नाही. पोहोचायचे ★ पर्यंत.

२ ३ १ २
२ २ २ २
२ १ २ २
२ ३ २ ★

माणूस अडकतो कुठे?

पहिल्या रांगेतील ३ वर गेलात, तर तेथून फक्त शेवटच्या रांगेतील ३ वर जाता येते आणि तेथून पुन्हा वर. ही जोडी म्हणजे सापळाच. दुसऱ्या आणि चौथ्या रांगेतील पहिले व तिसरे घर मिळून आणखी एक सापळा होतो. या चार घरांत कितीही फिरा, बाहेर पडता येत नाही.

मग सोडवायचा कसा?

शेवटाकडून. ★ वर एका चालीत कोण येऊ शकते, हे आधी पाहायचे. सहा घरे तपासली, तर दुसऱ्या रांगेतील शेवटचे घर एवढेच उत्तर निघते. आता त्या घरात कोण येऊ शकते, असे विचारत मागे जायचे. पुढून जाताना प्रत्येक वळणावर फाटे फुटतात. येथे मागून येताना एकच वाट उरते.

या कोड्यांची सुरुवात कोणी केली?

अमेरिकी कोडेकार सॅम लॉइड यांचे आकड्यांच्या उड्यांचे ‘क्लोंडाइक’ कोडे १८९८ मधील. १९६२ मध्ये रॉबर्ट अॅबट यांचा रस्त्यांचा चक्रव्यूह मार्टिन गार्डनर यांच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील सदरात आला. त्यात चौकात कोणत्या बाजूने आलात, यावर पुढे कुठे वळता येईल हे ठरते. म्हणजे चौक तोच, पण दुसरीकडून आलात की परिस्थिती वेगळी. ‘मी कुठे आहे’ एवढे पुरत नाही, ‘येथे कसा आलो’ हेही लक्षात ठेवावे लागते.

मराठी मुलखाशी याचे नाते काय?

गेवराई तालुक्याच्या कडेने गोदावरी वाहते आणि याच नदीच्या वरच्या अंगाला पैठण आहे. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्ट यांनी सतराव्या शतकात ‘भगवंतभास्कर’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याच्या ‘नीतिमयूख’ या भागात बुद्धिबळाची माहिती आहे आणि घोड्याला ६४ घरांतून फिरवण्याचे मार्गही दिले आहेत. चाल अडीच घरांची आणि प्रत्येक घरात एकदाच जायचे. हेही भिंतीविना, फक्त नियमाने बांधलेले कोडे. युरोपात गणितज्ञ ऑयलर यांनी हाच प्रश्न १७५९ मध्ये मांडला.

प्रकार कोणते?

नियम बदलला की नवे कोडे तयार. ‘आलात त्याच दिशेने पुढे जायचे नाही’ एवढी एक अट घातली, तरी वरच्या पटाचे उत्तर चुकते, कारण त्यातील पहिल्या दोन्ही चाली उजवीकडे आहेत. अॅबट यांच्याच ‘थीसियस आणि मिनोटॉर’मध्ये खेळाडूच्या एका पावलामागे राक्षस दोन पावले टाकतो. मात्र तो आधी आडवा आणि ते जमले नाही तरच उभा सरकतो. या ठरलेल्या सवयीमुळे त्याला भिंतीमागे अडकवता येते. नियम आपल्याला बांधतो तसा समोरच्यालाही बांधतो, हे ओळखले की वाट दिसते.

उत्तर : उजवीकडे २, उजवीकडे १, खाली २, डावीकडे २, वर १, उजवीकडे २, खाली २.